हिरवळीचा भरंवसा

दिसतें तसें नसतें, म्हणूनच जग फसतें, ही म्हण इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळावर घोडेस्वारानें पदोपदीं आठवावी. आपल्या घरांतील मुलें आतां शिक्षणानिमित्त त्या देशीं जातात व सुटींत घोड्यावर बसण्याची हौसही करतात. म्हणून आम्हीं या खेपेस हा विषय घेतला आहे.

डेव्हन परगण्यांतील या सुमारें ९५४ चौरस किलोमीटरांच्या प्रदेशांत खालीं ग्रॅनाइटचा कातळ व उंच भागीं त्यावर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, काळा थर आहे. पाणी कातळांत फारसें मुरत नाहीं. तें या थरांतच सांचून राहतें.

म्हणून प्रथम वनस्पति पाहाव्या. ब्रॅकन नांवाचा नेचा किंवा पिवळ्या फुलांचें कांटेरी गॉर्स जेथें दाट वाढतें, तेथील जमीन बहुधा निचऱ्याची असते. लव्हाळा किंवा पांढऱ्या झुबक्यांचें कापूसगवत दिसतांच लगाम आवरावा. सर्वांत फसवी ती चकचकीत हिरवळ! ती स्फॅग्नम नांवाच्या शेवाळाची असते. हें शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारें २० पट पाणी धरूं शकतें. अशा थरथरणाऱ्या जागेस तिकडील लोक 'पिसांची गादी' म्हणतात.

माळावर मोकळ्या चरणाऱ्या तट्टांच्या वाटा उपयोगी खऱ्या. परंतु तट्टू जेथून सहज जातें, तेथें स्वाराचा भार वाहणारा घोडा रुतूं शकतो. 'टॉर' नामक खडकांच्या उतारावर धोंडे विखुरलेले असतात. तेथें दुडकीही नको, साधी चालच बरी. उन्हाळ्यांत वरचा पापुद्रा वाळला, तरी खालीं चिखल असूं शकतो.

घोडा फुरफुरून थबकला, तर टांच मारण्यापूर्वीं कारण शोधावें. तो रुतलाच, तर स्वारानें उतरून घट्ट जमीन गांठावी, जनावरास शांत ठेवावें व ९९९ क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवावें. मानेस वा पायांस दोर बांधून त्यास ओढूं नये.

वाट आपण निवडतों. तिचें फळ मात्र घोड्यास भोगावें लागतें. म्हणून संशय येतांच आल्या वाटेनें परत फिरण्यांत मुळींच कमीपणा नाहीं. मुक्या जनावराचा जीव आपल्या हौसेहून मोठा, एवढें वडील मंडळींनीं तरुणांस सांगून ठेवावें, अशी आमची विनंति आहे.