श्वानाचे पथ्य आणि वैद्याची मर्यादा

जालना जिल्ह्यातील औषधालयांत अलीकडे एक नवी मागणी नित्याची होऊ लागली आहे. घरच्या कुत्र्याला जुलाब लागले आहेत, ओकाऱ्या होत आहेत, दोन दिवस भाकरीला तोंड लावले नाही. तेव्हा एखादे चूर्ण द्यावे. मागणारा कधी जालना शहरातील बंगल्यात लॅब्रॅडॉर पाळणारा असतो, कधी घनसावंगी वा मंठ्याकडचा शेतकरी, ज्याच्या आखाड्याची राखण कुत्र्यावरच असते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस लाळ्या-खुरकुताच्या लसी, कृत्रिम रेतन आणि अडलेल्या गाई यांत संपतो. कुत्र्याच्या पोटासाठी तेथवर जाणे मालकाला संकोचाचे वाटते. शिवाय आयुर्वेदीय औषधाने अपाय होत नाही हा समज आहेच. तो समज माणसाच्या बाबतीतही खरा नाही, हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको. तरीही गल्ल्यावर उभा असलेला गृहस्थ रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून हिंग्वष्टकाची पुडी किंवा कुटजारिष्टाची बाटली पुढे सरकवली जाते.

या प्रश्नावर आमचे मत स्पष्ट आहे. श्वानाच्या पोटाच्या किरकोळ तक्रारीत वैद्याने पथ्य अवश्य सांगावे. औषध मात्र देऊ नये, आणि औषधी विक्रेत्यांनीही ते विकू नये.

आपल्या परंपरेचा आधार घेऊन याला विरोध करणारे काही जण आम्हांस ठाऊक आहेत. आयुर्वेदात पशुचिकित्सा होतीच, असे ते म्हणतात. होती, यात शंका नाही. पण कशी होती? अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा निराळी, गजांसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद निराळा. ज्या प्राण्याची चिकित्सा करावयाची त्याचे शरीर, त्याचा आहार, त्याचे व्याधी यांचा स्वतंत्र अभ्यास आमच्या पूर्वसूरींनी केला. मनुष्याचा योग उचलून मात्रा कमी करून घोड्याला पाजला नाही. श्वानाच्या वाट्याला असा स्वतंत्र आणि सर्वमान्य चिकित्साग्रंथ आलेला नाही. चालुक्य नृपती सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात शिकारी कुत्र्यांचे प्रकरण आहे, पण ते राजाच्या विनोदाचे. सुश्रुताच्या कल्पस्थानात कुत्रा येतो तो अलर्कविषाच्या संदर्भात, म्हणजे रुग्ण म्हणून नव्हे तर दंश करणारा म्हणून. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिची ही शिस्तही सांभाळली पाहिजे.

आता आपल्या फडताळातील कल्पांकडे पाहू. लशुनादि वटीचे नावच तिचे घटक सांगते. लसूण आणि कांदा या वर्गातील द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. दर किलो वजनाला १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा पोटात गेला तर रक्तात बदल दिसू लागतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीड-दोन मोठे कांदे पुरेसे होतात. लसूण त्याहून तीव्र. गावचे कुत्रे जन्मभर उरलेल्या कालवणावर जगते हे खरे. मात्रेचा फरक आहे. परंतु अतिसाराने अशक्त झालेल्या जनावराला रोज दोनदा लसणाच्या गोळ्या घालणे हा निराळा मामला होय.

द्राक्षांची गोष्ट अधिक गंभीर आहे. जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोटाच्या कामामुळे द्राक्षबागांसाठी सर्वदूर नावाजले. बागेच्या राखणीला कुत्रे असते, आणि पडलेले घड ते खाते. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे या शतकाच्या आरंभापासून पशुवैद्यकाला माहीत झाले आहे. एखाद्या कुत्र्याला काहीच होत नाही, दुसऱ्याला थोड्याशाने ओकाऱ्या सुरू होऊन पुढे लघवी बंद होते. सुरक्षित मात्रा अशी ठरवता येत नाही. कारण बराच काळ कळत नव्हते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. हे आम्ल चिंचेतही भरपूर असते. मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात चिंचेवाचून आमटी होत नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. मग द्राक्षासव, द्राक्षारिष्ट यांविषयी वेगळे काय सांगावे? त्यांत द्राक्ष आहे आणि संधानातून उत्पन्न झालेले मद्यही आहे. मद्य कुटजारिष्टातही असतेच, आणि कुत्र्याला ते अल्प प्रमाणातही सोसत नाही.

शंखवटीत वत्सनाभ आहे, कज्जली आहे. कर्पूररसात अहिफेन आहे. ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती देखरेख कोणाची? आपली पदवी मनुष्याची चिकित्सा करण्यापुरती आहे.

औषधांना इतका विरोध करून पथ्याचा आग्रह का धरावा, असे कोणी विचारील. कारण येथे आपले शास्त्र आणि आजचे पशुवैद्यक यांचा मार्ग बराचसा एकच आहे. कुत्र्याच्या पोटाच्या बहुसंख्य तक्रारी अरबट-चरबट खाण्याने होतात. उकिरड्यावरचे काही, मेजवानीनंतर टाकलेले चरबीचे तुकडे, शिजवलेली हाडे, वैशाखात पातेल्यात आंबून गेलेला वरणभात. शिजवलेले हाड ठिसूळ होते, त्याचे अणकुचीदार तुकडे पडतात. ते आतड्याला टोचतात किंवा मलावष्टंभ करून अडकून बसतात. दुधाचेही तेच. पिलू मोठे झाले की दुधातील शर्करा पचवण्याची शक्ती पुष्कळ कुत्र्यांत क्षीण होते, आणि मालक मात्र आजारी कुत्र्याला मायेने वाटीभर दूधच पाजतो.

कुत्र्याला तूप पचत नाही अशी लोकोक्ती आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्या मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहेत, आणि त्या कथेतील भूतदयेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण पशुवैद्य लोकोक्तीच्या बाजूने साक्ष देईल. एकदम पुष्कळ स्निग्ध पदार्थ खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला दाह होतो, आणि तो प्राणावर बेतू शकतो.

भाकरीचा मात्र विनाकारण दुस्वास होतो. कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य विषासमान, असे सांगणारे शहरांतून वाढले आहेत. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या पाचकाच्या जनुकाच्या प्रती कितीतरी अधिक आहेत. मनुष्याच्या उंबऱ्याशी राहून त्याचा अग्नी बदलला. ओकसात्म्य म्हणजे काय हे शिष्यांना समजावण्यास याहून उत्तम उदाहरण आम्हांस तरी सुचत नाही. अर्थात पिष्ट नीट शिजलेले हवे, आणि नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे पोषण होत नाही.

तेव्हा कुत्रा प्रौढ आहे, चालताफिरता आहे, एक-दोनदा पातळ जुलाब किंवा ओकारी झाली आहे, रक्त नाही, अशा वेळी मालकाला काय सांगावे? एक वेळचे जेवण चुकवावे. पाणी कदापि तोडू नये. थोडे थोडे, वारंवार ठेवावे. पूर्वी पशुवैद्यही दिवसभराचे लंघन सांगत, आता ते लवकर हलके अन्न सुरू करावे असे म्हणतात, कारण आतड्याच्या अस्तराचे पोषण त्यातून जाणाऱ्या अन्नानेच होते. पेया आणि विलेपी यांचे महत्त्व जाणणाऱ्याला हे ऐकून नवल वाटू नये. भात मऊ, गुरगुट्या शिजवावा. त्याच्या निम्म्याने कातडी काढलेले, नुसत्या पाण्यात उकडलेले कोंबडीचे मांस कुस्करून घालावे. शाकाहारी घरात साय काढलेल्या दुधाचे ताजे पनीर चालेल. मीठ, हळद, फोडणी, कांदा, लसूण काही नको. दिवसातून चार-पाच वेळा, लहान लहान घास. उकडलेला लाल भोपळा चमचा-दोन चमचे घातल्यास मळ बांधून येण्यास मदत होते. ग्रहणीच्या रुग्णाला आपण ताक देतो, म्हणून कुत्र्यालाही भरपूर ताक द्यावे असे नाही. पूर्वी पचलेले असेल तर थोडे, लोणी काढलेले आणि बिनमिठाचे द्यावे. मळ बांधून आला की तीन ते पाच दिवसांत रोजचे अन्न थोडे थोडे मिसळत पूर्वपदावर यावे. हा संसर्जनक्रमच होय, आणि बहुतेक मालक चुकतात ते येथे: एका दिवसात बरे वाटले की दुसऱ्या दिवशी जुन्या थाळीवर.

गवत खाऊन कुत्रा आपले औषध आपणच करतो, हा समज वैद्यांतही आढळतो. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गवत खाणारी बहुतांश कुत्री आधी आजारी नव्हती, आणि ओकणारी तर थोडीच होती. कुत्र्यांना गवत आवडते, एवढेच.

हे पथ्य पिलांना लागू नाही. पिलाला उपाशी ठेवले तर त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. लस न टोचलेल्या पिलाला ओकाऱ्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ताचे जुलाब होत असतील तर पार्व्होचा संशय धरावा. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला हा विषाणू काही दिवसांत पिलू नेतो, आणि त्याला शिरेतून द्रव देणाऱ्याची गरज असते, बेलफळाच्या चूर्णाची नव्हे. पोट ढोलासारखे फुगून कोरड्या ओकाऱ्या येत असतील, हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील, पाणीही पोटात ठरत नसेल, किंवा एका दिवसात उतार नसेल, तर मालकाला थांबवून धरणे म्हणजे जनावराचा घात करणे होय.

कायद्याविषयी थोडक्यात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाच्या ३० व्या कलमान्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा आहे. दुसरीकडे, १९४० च्या औषधे अधिनियमातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याबरोबर पशूंचाही उल्लेख आहे. म्हणजे पशूंसाठी आयुर्वेदीय औषधे असू शकतात, पण ती कोणत्या जनावराला द्यावयाची हे पशुवैद्याने ठरवावयाचे. आपल्यापैकी ज्यांना या विषयात खरी गोडी असेल त्यांनी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी संबंध जोडावा. जालन्याहून रेल्वेने ते काही दूर नाही. संघटनेने तालुका बैठकीस एकदा तरी स्थानिक पशुवैद्यास पाचारण करावे, आणि प्रत्येक औषधालयाने त्याचा दूरध्वनी क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

राहिली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुत्रा खात नाही, लाळ गळते, घशात हाड अडकल्यासारखे करतो, आवाज बदलला आहे, अशी तक्रार घेऊन कोणी आला तर ती पोटाची तक्रार समजू नये. ती पिसाळीची असू शकते; मुकी पिसाळ कुत्र्याला आक्रमक करीत नाही, मलूल करते, आणि म्हणूनच मालक निःशंकपणे त्याच्या तोंडात हात घालतो. चूर्णाची पुडी दिली तर ते चूर्ण जिभेवर चोळावयास आपणच त्याला धाडले असे होईल. अशा मालकाला प्रथम विचारावे की कुत्र्याची लाळ हाताच्या चिरांना, डोळ्याला, तोंडाला लागली काय. लागली असेल तर तो भाग तेथल्या तेथे नळाखाली धुवावयास लावावा, त्वचा असेल तर साबण लावून पूर्ण १५ मिनिटे, आणि त्याच दिवशी लस व प्रतिद्रव्यासाठी सरकारी रुग्णालयात पाठवावे. कुत्र्याला बांधून, कोणी जवळ न जाता, पशुवैद्यास कळवावे.