मुलांचा कोपरा : फासे कोणाच्या बाजूचे?



चार कुटुंबं जमली की आतल्या खोलीत मुलांचा 'टीआरपीजी' सुरू होतो आणि थोड्याच वेळात "झुरुई!" अशी आरोळी ऐकू येते. भांडण बहुतेक वेळा लढाईच्या नियमांवरून असतं. आपण "खेळच आहे, सोडून द्या" म्हणतो. आम्हांला वाटतं, हे भांडण ऐकण्यासारखं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एक जण गेम मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे योद्धे, जादूगार होतात. घाव बसला की नाही ते फासे ठरवतात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. तो 1985 मध्ये जपानीत आला. 1989 मध्ये इथल्या ग्रुप एसएनईचा 'सोर्ड वर्ल्ड' खिशात मावणाऱ्या बुन्को पुस्तकात आला. त्याला खास फासे लागत नाहीत, घरातले साधे दोन पुरतात.

वादाचं मूळ इथंच आहे. 20 बाजूंच्या फाशात प्रत्येक आकडा 5 टक्के, म्हणून एक गुण वाढला की साधारण 5 टक्केच फायदा. दोन साध्या फाशांत मात्र 36 पैकी 6 वेळा 7 पडतात, 12 एकदाच. ज्याला 8 लागतात त्याचे 15 डाव लागतात. एक गुणाची जादूची तलवार दिली की 21. ज्याला 12 लागतात त्याचा 1 डाव, तीच तलवार दिली तर 3. थोरला म्हणतो, "सगळ्यांना सारखीच दिली की!" धाकटा म्हणतो, "मला काय मिळालं?" दोघंही खरं बोलतात. सारखं वाटणं आणि न्यायानं वाटणं, यांतला फरक त्यांना फाशांनी शिकवला. 'सोर्ड वर्ल्ड'मध्ये त्यावर छोटा उतारा आहे : दोन्ही फाशांवर एक पडला तर डाव हमखास फुकट, पण अनुभवाचे गुण मिळतात. 2008 च्या आवृत्तीपासून ते 50 आहेत.

मग मास्टरनं पडद्याआड फासा लपवून धाकट्याला वाचवावं का? आपल्याकडे 'कच्चा लिंबू' असतोच. पण तो डाव मांडण्याआधी सर्वांदेखत ठरतो. मध्येच नियम वाकवला की तो रडीचा डाव. गदायुद्धात कमरेखाली वार नाही, हे भीमाला ठाऊक होतं. दुर्योधनाची मांडी फुटली तेव्हा बलराम नांगर उचलून धावला, तो हरणाऱ्याच्या प्रेमापोटीच नव्हे, नियम मोडला म्हणूनही.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांसाठी फार मोलाची. इथं या खेळात 'कुची पुरोरेसु' म्हणजे तोंडाची कुस्ती असा शब्द आहे : नियमानं नव्हे, बोलबोलून जिंकणं. नुकतंच भारतातून आलेलं, जपानी अडखळत बोलणारं मूल त्या कुस्तीत रोज हरतं, वर्गातही आणि मैदानातही. लिहिलेला नियम आणि उघड्यावर टाकलेला फासा त्याच्या बाजूनं बोलतो. सात पडले म्हणजे सातच. उच्चार कसा आहे हे फासा विचारत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच : फासे सर्वांसमोर टाकावेत. सवलत द्यायची तर आधी कागदावर लिहावी. वाद झाला तर डाव संपेपर्यंत मास्टरचा शब्द मानावा, नंतर सर्वांनी मिळून नियम बदलावा. आणि आपण मोठ्यांनी खोलीत जाऊन निकाल देऊ नये. मुलांना तो देता येतो.

आपल्या घरी कोणता नियम ठरला ते जरूर कळवा. मुलांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं तर तसंच छापू.