भाव चढला म्हणजे मोल वाढले असे नव्हे

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळच्या चौकातून एक फाटा भोरकडे जातो, दुसरा नारायणपूर-सासवडकडे. इथल्या चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे एकच हिशोब ऐकू यायचा : गुंठ्याचा भाव कुठवर गेला? आता त्यात शेअरची भर पडली आहे. शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कंपन्यांत जाणारी पोरे पाळी सुटली की मोबाईल काढतात आणि हिरवे-लाल आकडे बघतात. देशभर हेच चालले आहे. मार्च २०२० मध्ये भारतात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींच्या पुढे गेली. म्हणजे दर चार खात्यांपैकी जवळपास तीन खाती चढत्या बाजारात उघडलेली आहेत. मोठी पडझड या मंडळींनी ऐकली असेल, पण सोसलेली नाही.

या पार्श्वभूमीवर भोर तालुक्यातल्या एका आपांचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "हजसाठी साठवलेले साडेचार लाख बँकेत आहेत. मुलगा म्हणतो, अम्मी, सहा महिन्यांसाठी दे, दुप्पट करून देतो. तो ज्या शेअरचे नाव घेतो, तो वर्षभरात खरोखर तिप्पट झाला आहे. मी नको म्हणते, तर तो म्हणतो की तुला बाजारातले कळत नाही. माझे चुकते का?"

आपा, तुमचे चुकत नाही. पण मुलालाही वेड्यात काढू नका. तो जसा विचार करतो आहे तसाच विचार मोठमोठ्या शहाण्यांनी केलेला आहे. तो विचार कुठे घसरतो, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

आधी एक घरगुती गोष्ट ध्यानात घेऊ. आपल्याकडे बाजारात म्हैस घ्यायला गेलेला माणूस आधी काय विचारतो? दूध किती देते, कितवे वेत आहे, दात किती. मग तो मनात ठरवतो की ही म्हैस एवढ्या किमतीची आहे. मालकाने सांगितलेला आकडा म्हणजे भाव, आणि दुधाच्या हिशोबाने निघणारा आकडा म्हणजे मोल. शेअरचेही असेच आहे. शेअर म्हणजे एका चालत्या धंद्यातला छोटा हिस्सा. तो धंदा दरवर्षी एका शेअरमागे किती कमावतो, हे त्याचे दूध. एका शेअरमागे वर्षाला ५ रुपये नफा असेल आणि भाव १०० रुपये असेल, तर आपण २० वर्षांच्या नफ्याएवढे पैसे आज मोजतो आहोत. भाव ५०० झाला आणि नफा ५ रुपयांवरच राहिला, तर १०० वर्षांच्या नफ्याएवढे पैसे मोजतो आहोत. फुगा येतो तेव्हा भाव आणि मोल यांतले हे अंतर वाढत जाते, आणि माणसे म्हशीचे दूध विचारायचे सोडून फक्त कालचा आणि आजचा भाव विचारू लागतात.

पहिला विचार असा असतो : "भाव वाढतोय, म्हणजे कंपनी चांगलीच असणार." १९९१ च्या सुरुवातीला मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, हजाराच्या आसपास होता. एप्रिल १९९२ मध्ये तो ४,४६७ वर गेला. हर्षद मेहता या दलालाचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले होते. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीचा शेअर सुमारे २०० रुपयांपासून ९ हजारांच्या जवळ नेला गेला. एवढा भाव का, असे विचारणाऱ्याला तयार उत्तर होते : असे कारखाने आज नव्याने उभे करायचे तर किती खर्च येईल ते बघा. ऐकायला बरे वाटते. पण विहीर खोदायला किती खर्च आला यावरून तिला पाणी किती लागेल हे ठरत नाही. कारखान्याचे मोल तो किती कमावतो यावर ठरते. भाव चढत होता त्याचे खरे कारण वेगळेच होते : बँकांचा पैसा गैरमार्गाने बाजारात येत होता. २३ एप्रिल १९९२ रोजी पत्रकार सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात ही बातमी फोडली. वर्षभरात सेन्सेक्स जवळपास निम्म्यावर आला. ज्यांनी चढत्या भावालाच पुरावा मानले, त्यांच्या हाती काहीच पुरावा नव्हता.

दुसरा विचार : "एवढे लोक घेत आहेत, ते सगळे काय वेडे आहेत?" जानेवारी २००८ आठवा. १० जानेवारीला सेन्सेक्सने २१ हजारांचा आकडा ओलांडून २१,२०६ पर्यंत उडी घेतली होती. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरचा शेअर विक्रीला आला. किंमत ४५० रुपये, लहान गुंतवणूकदारांना २० रुपयांची सूट. कंपनीचा एकही वीजप्रकल्प तेव्हा सुरू झालेला नव्हता. प्रकल्प कागदावर होते आणि काहींचे काम हाती घेतले जात होते. तरी विक्रीला ठेवलेल्या शेअरच्या सुमारे ७३ पट मागणी आली. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून अर्ज भरत होता, आणि शेजारी त्याच्याकडे बघून. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. ऑक्टोबर २००८ मध्ये सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली गेला.

सोळा वर्षांनी तीच गोष्ट छोट्या रूपात पुन्हा घडली. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या रिसोर्सफुल ऑटोमोबाइल या कंपनीने सुमारे १२ कोटी रुपयांचे शेअर विक्रीला काढले. कंपनीकडे मोटारसायकलींची दोन शोरूम होती आणि आठ कर्मचारी. मागणी आली ती ४,८०० कोटी रुपयांच्या आसपास. इतक्या अर्जदारांपैकी किती जणांनी ही दोन शोरूम वर्षाला किती गाड्या विकतात हे पाहिले असेल? आपल्या चौकातले मोटारसायकलचे दुकान विकत घ्यायचे म्हटले तर हाच माणूस दहा दिवस चौकशी करील. मोबाईलवर तो दहा सेकंदही थांबत नाही.

तिसरा विचार अधिक चलाख आहे. "महाग आहे हे मलाही कळते. पण माझ्याकडून आणखी महाग घेणारा कुणीतरी भेटेलच. मी वेळेवर निघेन." मुंबईने हा विचार पहिल्यांदा केला तो दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे बादशहा. समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांतल्या बॅक बे कंपनीचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांच्या आसपास गेला. बरेचसे सौदे वायद्याचे होते : आज पैसे द्यायचे नाहीत, १ जुलै १८६५ ला हिशोब करायचा. प्रत्येकाचा बेत एकच, त्याआधी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे. मग युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस उतरला, आणि १ जुलैला विकणारे सगळे होते, घेणारा कुणी नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. खुद्द प्रेमचंदही त्यात बुडाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावे उभा आहे. एवढ्या जाणत्या माणसाला वेळेवर निघता आले नाही.

"त्यांना मोल कळले नसेल," असे कुणी म्हणेल. त्याचेही उत्तर आहे. व्हर्नन स्मिथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक कागद खरेदी-विक्रीला दिला. १५ फेऱ्या. दर फेरीत तो सरासरी किती पैसे देईल आणि शेवटी त्याची किंमत शून्य होईल, हे सर्वांना आधीच सांगितलेले. म्हणजे मोल काढायला पाचवीचे गणित पुरेसे. तरीही भाव मोलाच्या खूप वर गेला आणि शेवटच्या फेऱ्यांत कोसळला. कारण प्रत्येक जण मोल न बघता दुसरा किती देईल हे बघत होता. तेच विद्यार्थी तिसऱ्यांदा खेळायला बसले तेव्हा मात्र फुगा जवळजवळ आला नाही. दोनदा हात पोळल्यावर ते शहाणे झाले होते. स्मिथ यांना २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आता वर सांगितलेली खात्यांची संख्या पुन्हा आठवा. आपली बहुतेक पोरे अजून पहिल्याच खेळात आहेत, आणि त्यांच्या हातातले पैसे प्रयोगासाठी दिलेले नाहीत, घरचे आहेत.

चौथा विचार भाव पडल्यावर येतो : "विकत नाही तोवर तोटा नाही. पन्नास टक्के पडलाय, पन्नास टक्के वाढला की बरोबरी." हे गणित आमच्या वर्गातल्या मुलांचेही चुकते. १०० चे ५० झाले, मग ५० टक्के वाढले, तर ७५ होतात. शंभरावर परत यायला दुप्पट व्हावे लागते. आणि कंपनी चांगली असली तरी वेळ लागतो. विप्रो चांगली कंपनी होती, तिचा धंदा २००० नंतरही वाढत गेला. पण त्या वर्षीच्या शिखरावर ज्याने तिचा शेअर घेतला, त्याला आपले मूळ पैसे परत दिसायला अनेक वर्षे वाट पाहावी लागली. हजची वेळ किंवा मुलीची फी एवढी वाट बघत नाही.

याच्याच जोडीचा एक गैरसमज : "हा शेअर ८ रुपयांचा आहे, स्वस्त आहे." एका भाकरीचे चार तुकडे केले काय आणि सोळा केले काय, भाकरी तेवढीच राहते. तुकडा लहान म्हणून स्वस्त होत नाही.

आता आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न : हे हलाल आहे का? शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी, आणि भागीदारी दीनमध्ये मान्य आहे. दारू, व्याज, जुगार यांवर चालणाऱ्या कंपन्या वगळून बाकीच्यांबाबत अनेक उलमांनी अटींसह परवानगी दिली आहे, काहींचे मत वेगळे आहे. आपापल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. अशा कंपन्यांचा 'शरिया ५०' हा निर्देशांकही मुंबई शेअर बाजारात डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाला. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. यादीत नाव आहे याचा अर्थ धंदा चालेल असा. आजचा भाव रास्त आहे असा त्याचा अर्थ होत नाही. हलाल बकऱ्याचे मटणही दुकानदार दुप्पट भावाने देऊ शकतो.

उलट, या बाबतीत आपल्या घरात जुनी शिकवण आहे. घ्यायचे नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे, ज्याला 'नजश' म्हणतात, ते पैगंबर (स.) यांनी मना केले आहे. आपल्या हातात नाही ते विकण्यासही मनाई आहे. मोबाईलवरचे टिप देणारे ग्रुप बरेचदा काय करतात? आधी स्वतः घेतात, मग तुम्हाला घ्यायला सांगतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' नावाने शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध टिपवाल्यावर कारवाई केली. तो लोकांना नफ्याचे दावे दाखवत होता, आणि सेबीच्या आदेशानुसार त्याचा स्वतःचा व्यवहार कोट्यवधींच्या तोट्यात होता. पटकन दुप्पट करण्याच्या नादात पोरे ज्या फ्युचर-ऑप्शनमध्ये शिरतात, त्याचा आकडाही सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये दिला : तीन वर्षांत १ कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर.

म्हणून आपा, मुलाशी भांडू नका, त्याच्याबरोबर वही घेऊन बसा. त्याला तीन गोष्टी लिहायला सांगा. ही कंपनी काय बनवते आणि एका शेअरमागे वर्षाला किती नफा कमावते? आजच्या भावात आपण किती वर्षांच्या नफ्याएवढे पैसे मोजतो आहोत? भाव निम्मा झाला आणि तीन वर्षे तसाच राहिला, तर घरातले कोणते काम अडेल? पहिल्या दोन उत्तरांसाठी त्याला कंपनीचा वार्षिक अहवाल उघडावा लागेल, आणि त्यातच तो बरेच शिकेल. तिसरे उत्तर तुम्ही दोघांनी मिळून लिहा.

हज, फी, लग्न, दवाखाना यांसाठी पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरमध्ये घालू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलाला शिकायचेच असेल तर त्याने आपल्या पगारातून महिन्याला हजार-पाचशे बाजूला काढावेत, आणि वर्षभर वहीत प्रत्येक खरेदीचे कारण लिहावे. "वाढतोय म्हणून" हे कारण चालणार नाही, ही अट घाला. तुमचे साडेचार लाख बँकेतच राहू द्या. तुमचा नंबर लागेल तेव्हा ते हातात हवेत.