भीतीची तरतूद

पेढीवर बसलेला गृहस्थ दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकांशी बोलतो. भाव ठरवतो, उधारी नाकारतो, चुकलेल्या हिशेबावर बोट ठेवतो, आणि त्याच्या आवाजात कधी कंप येत नाही. त्याच गृहस्थाने पन्नाशीनंतर हौसेने पियानो शिकावयास घेतला, दोन वर्षे नेमाने सराव केला आणि एके दिवशी शिक्षकांनी सांगितले की वार्षिक कार्यक्रमात तीन मिनिटांची एक रचना सर्वांसमोर वाजवायची आहे, तर त्या रात्री त्याची झोप उडते. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या आधी नऊ वर्षांची मुलगी असते व नंतर बारा वर्षांचा मुलगा. ती दोघे मंचामागे हसत-खेळत असतात. हा मात्र गार पडलेली बोटे चोळीत बसलेला असतो.

मुलांना भीती कमी वाटते याचे कारण सरळ आहे. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे फारसे काही नसते. प्रौढ माणसाने आयुष्यभर कष्टाने पत कमावलेली असते. दुकानात, घरात, समाजात त्याचा शब्द चालतो. पियानोच्या बाकावर बसताच तो पुन्हा विद्यार्थी होतो, आणि तेही आपल्या सुना-नातवंडांच्या देखत. तीन मिनिटांत तीस वर्षांची पत पणाला लागली असे त्याला वाटू लागते. पुष्कळ जण येथेच माघार घेतात. 'अजून तयारी नाही, पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणतात, आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणतात. वाद्य हळूहळू दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होते आणि त्यावर कुटुंबाची छायाचित्रे मांडली जातात.

म्हणून प्रथम हे समजून घ्यावे की ही भीती स्वभावाचा दोष नव्हे. तो शरीराचा जुना धर्म आहे. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास उथळ होतो, पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. त्वचेकडील रक्तपुरवठा आखडतो, म्हणून बोटे गार पडतात. तळहातांना घाम सुटतो. वाघासमोर ही व्यवस्था उत्तम आहे. पियानोसमोर मात्र नेमकी उलटी पडते, कारण तेथे काम असते ते बोटांच्या टोकांचे. शिवाय हृदयाची गती वाढली की मनातील लयही वाढते, आणि वादक नकळत घरच्यापेक्षा वेगाने सुरुवात करतो. पुढे अवघड जागा आली की तो वेग त्याला पेलत नाही.

पियानोवादनात ही अडचण अधिक जाणवण्यास आणखी एक कारण आहे. ख्याल गाणाऱ्याला एखादी जागा हुकली तरी आवर्तन हाती असते. तो वळसा घेऊन समेवर येऊ शकतो आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. पाश्चात्त्य अभिजात रचनेत प्रत्येक स्वर कागदावर छापलेला असतो. तेथे पळवाट नाही. त्यात स्मरणातून वाजवण्याची प्रथा पडली. एकट्या पियानोवादकाने संपूर्ण कार्यक्रम करण्याची पद्धत फ्रान्झ लिस्टने रूढ केली. १८४० मध्ये लंडनच्या कार्यक्रमांसाठी 'रिसायटल' हा शब्द त्याच्याच जाहिरातींतून पुढे आला. क्लारा वीकने, म्हणजे पुढे क्लारा शूमान म्हणून कीर्ती पावलेल्या वादिकेने, तरुणपणी समोर कागद न ठेवता वाजवले, तेव्हा काहींना तो गर्विष्ठपणा वाटला होता. जी गोष्ट एके काळी गर्वाची मानली गेली, ती पुढे सर्वांवर सक्तीची झाली.

या सक्तीने मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. शोपँला गर्दीसमोर बसणे इतके नकोसे वाटे, की संपूर्ण आयुष्यात त्याचे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसच्या आसपास झाले. त्याला आवडत त्या मित्रांच्या घरच्या छोट्या बैठका. कॅनडाच्या ग्लेन गूल्डने १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे शेवटचा जाहीर कार्यक्रम केला, तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता; त्यानंतर तो केवळ ध्वनिमुद्रणासाठी वाजवीत राहिला. व्लादिमिर होरोविट्झ १९५३ पासून बारा वर्षे मंचापासून दूर राहिला. ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तो परतला, तेव्हा पहिल्याच रचनेच्या आरंभी त्याची बोटे चुकीच्या पट्ट्यांवर पडली. तो थांबला नाही. ती संध्याकाळ पियानोच्या इतिहासात त्या चुकांसह अजरामर झाली. रशियाचा स्व्यातोस्लाव रिख्टर उत्तरायुष्यात सरळ स्वरलिपीचे पुस्तक समोर ठेवी. सभागृहात अंधार आणि पुस्तकावर एक लहानसा दिवा. जगाने त्याला त्याबद्दल कमी लेखले नाही.

हे झाले व्यावसायिकांचे. हौशी प्रौढाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे लंडनच्या 'गार्डियन' दैनिकाचे तत्कालीन संपादक अ‍ॅलन रस्ब्रिजर यांचे. लहानपणी शिकलेला पियानो त्यांनी मध्यमवयात पुन्हा हाती घेतला होता. २०१० च्या उन्हाळ्यात, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, ते फ्रान्समधील हौशी वादकांच्या एका शिबिरास गेले. तेथे त्यांच्यासारख्याच एका हौशी माणसाने शोपँचे जी मायनरमधील पहिले बॅलड वाजवले. रचना नऊ-दहा मिनिटांची, पण तिचा शेवटचा भाग व्यावसायिकांनाही धडकी भरवणारा. रस्ब्रिजर यांनी ठरवले की वर्षभरात हे बॅलड शिकायचे आणि लोकांसमोर वाजवायचे.

ते वर्ष त्यांच्या व्यवसायातील सर्वांत धकाधकीचे ठरले. विकिलीक्सचे प्रकरण त्यांच्याच दैनिकातून बाहेर पडले. पाठोपाठ दूरध्वनी-संदेश चोरून ऐकण्याच्या प्रकरणाने ब्रिटन हादरले आणि जुलै २०११ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हे जुने साप्ताहिक बंद पडले. या सगळ्यात सरावासाठी सकाळी कामावर जाण्यापूर्वीची वीस मिनिटे, तीही जमतील त्या दिवशी. ठरवलेले वर्ष उलटून गेले, मुदत वाढवावी लागली. परंतु २०११ च्या अखेरीस त्यांनी ते बॅलड निमंत्रितांसमोर वाजवले. या प्रवासाची दैनंदिनी २०१३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. देशाच्या सरकारला प्रश्न विचारणारा संपादक मित्रमंडळींसमोर दहा मिनिटे वाजवण्यासाठी दीड वर्षाच्या आसपास झटला, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या गृहस्थाला स्वतःच्या धडधडीची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

तरीही प्रश्न राहतोच की प्रत्यक्ष त्या दिवशी करायचे काय. व्यापारी माणसाला याचे उत्तर एका परिचित शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे तरतूद. उधारी बुडणारच नाही असे धरून कोणी शहाणा धंदा करीत नाही, आणि बुडेल म्हणून दुकानाला कुलूपही लावीत नाही. काही रक्कम बुडेल हे गृहीत धरून तो आधीच तरतूद करून ठेवतो आणि निश्चिंतपणे व्यवहार करतो. भीतीचेही तसेच आहे. भीती नाहीशी होईल तेव्हा वाजवू, असे म्हणणारा कधीच वाजवीत नाही. भीती येणारच असे धरून जो तिची सोय करून ठेवतो, तो वाजवतो.

पहिली तरतूद रचना निवडतानाच करावयाची. ऐपतीबाहेरचे कर्ज जसे घेऊ नये, तशी ऐपतीबाहेरची रचना मंचावर नेऊ नये. घरी ज्या रचनेत वारंवार अडखळायला होते, ती सभागृहात सुरळीत होईल ही आशा व्यर्थ आहे. काही महिन्यांपूर्वी पक्की झालेली, किंचित सोपी वाटणारी रचनाच त्या दिवसासाठी योग्य.

दुसरी तरतूद स्मरणाची. बोटांना जडलेली सवय ही साखळीसारखी असते. एक कडी तुटली की पुढचे सारे हरवते, आणि वादक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून रचनेत सात-आठ स्थानके ठरवावीत. त्यांपैकी कोठूनही, कोणत्याही क्रमाने, उलट्या क्रमानेसुद्धा, सुरुवात करता येईल असा सराव करावा. मग मध्येच विस्मरण झाले तर मागे न जाता पुढचे स्थानक गाठता येते. आणि एवढे करूनही धीर होत नसेल तर रिख्टरप्रमाणे पुस्तक समोर ठेवावे. हौशी वादकाला कोणी अडवीत नाही.

तिसरी तरतूद सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. सराव एकांतात आणि वादन लोकांत, हा मेळ बसत नाही. लोकांसमोर वाजवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे व त्याचाही सराव लागतो. आधी घरातील एकाच माणसासमोर, मग तिघांसमोर, मग आठ-दहा पाहुण्यांसमोर वाजवावे. सकाळी उठल्यावर, बोटे गरम न करता, एकदाच वाजवावे आणि तेच खरे मानावे, कारण मंचावर दुसरी संधी नसते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले तरी छाती किंचित धडधडते. तीही उपयुक्त तालीम आहे.

प्रत्यक्ष दिवशीच्या गोष्टी थोड्या आहेत. चहा-कॉफी कमी घ्यावी, आहार हलका असावा, हात कोमट पाण्याने ऊबदार ठेवावेत. आपली पाळी येण्यापूर्वी काही मिनिटे श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. बाकावर बसल्यावर घाई करू नये. बाकाची उंची ठीक करावी, मग रचनेतील सर्वांत अवघड ओळ मनात म्हणावी आणि तिला जी लय मानवते त्याच लयीत आरंभ करावा. चूक झाली तर चेहरा वाकडा करू नये, थांबू नये. बहुतेक श्रोत्यांना स्वर चुकल्याचे कळत नाही, वादकाच्या चेहऱ्यावरून कळते.

मनाशी काय बोलावे यासंबंधी हार्वर्डच्या व्यवस्थापन-शिक्षणसंस्थेतील अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग बोधप्रद आहेत. गाणे, भाषण यांसारखी परीक्षा समोर असताना ज्यांनी स्वतःला शांत होण्यास बजावले, त्यांच्यापेक्षा 'मी उत्सुक आहे' असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण पटण्यासारखे आहे. धडधडणाऱ्या हृदयाला एकाएकी शांत करणे कठीण; पण तीच धडधड उत्सुकतेची आहे असे मानणे त्या मानाने सोपे. लग्नघरात मांडव सजला की वधूपित्याची छातीही धडधडतेच. तिला कोणी आजार म्हणत नाही.

काही वादक हृदयगती आवरणारी औषधे घेतात. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांस ती अपायकारक ठरू शकतात. डॉक्टरांना न विचारता दुसऱ्याच्या गोळ्या घेण्याचा मार्ग कोणी पत्करू नये.

या साऱ्या तरतुदींच्या मुळाशी जी खरी गंगाजळी असते, तिचे दर्शन एकदा अ‍ॅम्स्टरडॅम येथे घडले. पोर्तुगालच्या मारिया झुआव पिरेश या विख्यात पियानोवादिका दुपारच्या एका कार्यक्रमासाठी मंचावर बसल्या होत्या. रिकार्डो शाई यांनी वाद्यवृंदाला इशारा केला आणि मोझार्टचा डी मायनरमधील विसावा कॉन्चेर्टो सुरू झाला. पिरेश तयारी करून आल्या होत्या ती मोझार्टच्याच दुसऱ्या कॉन्चेर्टोची. सभागृह भरलेले, वाद्यवृंद वाजतो आहे, आणि काही मिनिटांत त्यांचा प्रवेश! त्यांच्या चेहऱ्यावरील हताशपणा चित्रफितीत स्पष्ट दिसतो. त्या शाईंना हळूच अडचण सांगतात. शाई हसतमुखाने धीर देतात की ही रचना तुम्हाला उत्तम येते. आणि पाळी येताच पिरेश वाजवू लागतात, अखेरपर्यंत, स्मरणातून. भीती त्यांनाही वाटली, ती चेहऱ्यावर दिसलीही. पण वर्षानुवर्षे जमा केलेली ठेव त्या क्षणी व्याजासह हाती आली. आणि धीर देणारा माणूस शेजारी होता.

हौशी गृहस्थाच्या बाबतीत हा शेजारचा माणूस म्हणजे त्याचे कुटुंब. त्यांनी 'घाबरू नका' असे म्हणू नये. त्याने भीती वाढते. कार्यक्रमापूर्वीच्या महिन्यात रोज रात्री पाच मिनिटे श्रोते होऊन बसावे. कार्यक्रमात मोबाइल उंचावून पहिल्या रांगेत उभे राहू नये. आणि घरी परतताना पहिले वाक्य चुकीविषयीचे असू नये. श्रोता हा लेखापरीक्षक नव्हे. तो संध्याकाळ मोकळी काढून आलेला असतो तो दोन स्वर ऐकण्यासाठी. खतावणी तपासण्यासाठी नव्हे.

नऊ वर्षांच्या मुलीनंतर नाव पुकारले जाते. गृहस्थ उठतो. हात अजून थोडे गारच असतात. तो बाक किंचित पुढे ओढतो, मनातल्या मनात अवघड ओळ म्हणतो आणि पहिल्या पट्टीवर बोट ठेवतो. तिसऱ्या रांगेत त्याची नात पुढे सरकून बसलेली असते. आजोबांनाही एखादी गोष्ट शिकावी लागते, तिची त्यांनाही भीती वाटते आणि तरीही ते ती करतात, एवढे तिने त्या तीन मिनिटांत पाहिले तर पत कमी होत नाही. ती पुढच्या पिढीच्या खात्यावर जमा होते.