घारापुरीची टेकडी आणि आपले विहार



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाले की आपली बरीच माणसे दुसऱ्या दिवशी मुंबई पाहतात. गेटवे ऑफ इंडियावर जातात, समुद्र पाहतात, पोरांना भेळ घेऊन देतात आणि रात्रीची गाडी धरतात. आम्हीही केदारखेड्याहून जालना आणि जालन्याहून रेल्वेने मुंबई असे कितीतरी वर्षे करत आलो. एका वर्षी मात्र आमच्या आईने हट्ट धरला, "एवढं लांबून आलो, तर एकदा बोटीत बसू." म्हणून घारापुरीला गेलो. तिथे जे पाहिले ते आपल्या कुटुंबांना सांगितलेच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

गेटवेवरून बोटीने तासाभराची वाट. बेट छोटेसे. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वाड्या, हजार-बाराशे माणसे. मासेमारी, थोडी भातशेती आणि पर्यटकांवर चालणारी दुकाने, एवढाच संसार. समुद्राखालून तार टाकून या बेटावर वीज पोहोचली ती २०१८ साली. मुंबईचे दिवे रोज डोळ्यांसमोर आणि आपल्या घरात अंधार, असे दिवस या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काढले.

एवढ्याशा बेटावर श्रद्धास्थाने मात्र किती! पायऱ्या चढून गेले की शिवाची तीन मुखांची भव्य मूर्ती असलेले मोठे लेणे लागते. ते १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एरवी तिथे तिकीट काढून पाहणारे लोक असतात, पण महाशिवरात्रीला बेटावरचे आणि उरणकडचे भाविक गर्दी करतात. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. त्यांच्या काळात पूर्वेकडच्या टेकडीवरच्या एका लेण्यात चर्चही भरत असे.

आणि या सगळ्यांच्या आधी, इसवी सनापूर्वीच, इथे बौद्ध आले होते, असे अभ्यासक सांगतात. पूर्वेच्या त्याच टेकडीवर पाण्याची जुनी टाकी आहेत आणि विटांच्या स्तूपाचा ढिगारा आहे. आम्ही तिकडची वाट विचारली तेव्हा दुकानातल्या ताई म्हणाल्या, "दादा, तिकडं काय बघणार? मातीचा उंचवटा आहे नुसता." त्यांचा काय दोष? विचारत जाणारेच कोणी नसतील, तर सांगणाऱ्याने काय सांगावे?

आम्ही गेलो. आई धापा टाकत चढली. जागा संरक्षित, म्हणून मेणबत्ती पेटवली नाही. सगळ्यांनी उभे राहून त्रिसरण-पंचशील म्हटले. मग आई खाली बसली आणि म्हणाली, "ढिगारा कशाचा रे? माणसं बसायची की इथं." आम्ही गप्प झालो. जिथे माणसे बसायची तो स्तूप होता. माणसे गेली आणि उंचवटा उरला.

घारापुरीच्या मोठ्या लेण्याजवळचा शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो पुढे हरवला. त्यामुळे ते लेणे कोणी खोदले, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. स्तूपाला विटा कोणी वाहिल्या, त्यांची नावेही गेली. पण सगळीकडेच असे झालेले नाही. आमच्या केदारखेड्याचा तालुका भोकरदन. त्याचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत! दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मातीतली माणसे इतक्या दूरच्या स्तूपाला हातभार लावत होती. १९७३ साली भोकरदनला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले, त्यात हे गाव केवढे नांदते होते ते दिसले. ज्यांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या मुलांना हे ठाऊक असायला नको काय?

वाचक बंधू-भगिनींनो, आता आपल्या विहारांकडे पाहू. आपण पोटाला चिमटा घेऊन वर्गणी दिली, सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या, फरशी बसवली. मूर्ती आली, उद्घाटन झाले. पुढे काय? किती गावांत विहाराचे कुलूप १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला तेवढे निघते? किती ठिकाणी किल्ली कोणाकडे राहावी यावरून भावाभावांत बोलणे बंद आहे? बाबासाहेबांनी दर रविवारी विहारात जाण्याचा आग्रह धरला. विहारात आपण नवस बोलायला जात नाही. वंदना म्हणायची, एकमेकांचे सुखदुःख ऐकायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, यासाठी जायचे. घरात एकच खोली आणि टीव्हीचा आवाज, अशा मुलाला दहावीच्या वर्षी विहाराची शांत ओसरी मिळाली, तर याहून मोठी पूजा कोणती?

दर रविवारी एक तास. एका आठवड्याला एका घराने झाडलोट करायची, किल्ली त्याच घराकडे. सुरुवातीला पाचच माणसे येतील. येऊ द्या. पाचांचे दहा होतात.

आणि पुढच्या ६ डिसेंबरला मुंबईत गेलात, तर एक दिवस घारापुरीला द्या. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळा. पाणी बरोबर घ्या. मोठे लेणेही जरूर पाहा, ज्यांनी ते घडवले त्यांच्या हातांना मान द्या. मग पूर्वेच्या टेकडीची वाट विचारा. दहा कुटुंबांनी विचारली, तर दुकानातल्या ताई अकराव्याला आपणहून सांगतील, "तिकडं स्तूप आहे."

परत आल्यावर आईने घरचा उंबरा ओलांडण्याआधी विहाराची किल्ली मागितली. दार उघडले, झाडू हातात घेतला. कोपऱ्यात जाळी लोंबत होती. आम्ही मान खाली घालून पाण्याची बादली आणायला गेलो.