अडगळीच्या कैवाऱ्यांची कैफियत

दिवाळीपूर्वींची साफसफाई सुरू झाली, कीं मध्यमवर्गीय घरांतून एक ठराविक खटला चालतो. आरोपी माळ्यावर पडलेला असतो, फिर्यादी घरांतील व्यवहारी मंडळी असतात, आणि भंगारवाला दारांत उभा राहून निकालाची वाट पाहत असतो. जुना संगणक, त्याचा पिवळा पडलेला कीबोर्ड, फ्लॉपींचा डबा, कसलेंसें कार्ड, गुंतलेल्या तारा, अशा आरोपींना वकील क्वचितच मिळतो. आणि मिळालाच तर तो घरांतला एखादा हौशी मुलगा किंवा निवृत्त काका असल्यामुळें त्याचें म्हणणें हंशांत बुडून जातें. तें वकीलपत्र आज आम्ही घेत आहों.

प्रतिपक्षावर अन्याय न करतां त्याचें म्हणणें सांगावयाचें, तर तें असें. पहिलें, हीं यंत्रें निरुपयोगी आहेत. खिशांतला मोबाइल त्यांच्या कित्येक हजारपट काम करतो. दुसरें, ज्यांना जुन्या यंत्रांची आठवण येते त्यांच्यासाठीं एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम, फुकट मिळतात. मग लोखंड आणि प्लास्टिक कशाला सांभाळावें? तिसरें, इलेक्ट्रॉनिक कचरा हा घातक असून तो अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याच्या स्वाधीन करणें हेंच नागरिकाचें कर्तव्य होय. हे तिन्ही आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडचे आहेत, आणि तिहींतही सत्याचा अंश आहे. म्हणूनच ते धोक्याचे आहेत. धादांत असत्याला शहाणा माणूस भुलत नाहीं. अर्धसत्याच्या आधारें मात्र माळेच्या माळे रिकामे होतात.

प्रथम हे 'वेडे' लोक करतात तरी काय, हें पाहूं. १९७५ ते १९९५ या सुमारास जीं घरगुती व शालेय संगणकयंत्रें निघालीं, तीं पुन्हां चालतीं करणें हा यांचा उद्योग. कमोडोर ६४ आणि स्पेक्ट्रम हीं दोन्ही १९८२ सालचीं. बीबीसी मायक्रो हें इंग्लिश यंत्र तर १९८४ सालीं केंद्र सरकारनें काढलेल्या 'क्लास' या योजनेमार्फत आपल्या देशांतील शाळांतही आलें होतें. हीं यंत्रें बहुधा ठराविक जागींच बिघडतात. वीजपुरवठ्यांतील कागदी कपॅसिटर हवेंतील दमट शोषून तडकतात आणि यंत्र चालू करतांच धूर सोडतात. बीबीसी मायक्रोचा हा रोग सर्वश्रुत आहे. अमिगा २००० सारख्या यंत्रांत बोर्डावरच डाखलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी गळते आणि तिच्यांतील क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. फ्लॉपी ड्राइव्हचे रबरी पट्टे चिकट होतात. कपॅसिटर आणि पट्टे नवे मिळतात. परंतु खास त्या यंत्रासाठींच घडविलेली चिप जळली, तर ती कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. कमोडोर ६४ चा आवाज काढणारी 'सिड' चिप बनविणारी कंपनीच १९९४ सालीं बुडाली. ज्या झेड ८० चिपवर स्पेक्ट्रम चाले, तिच्या मूळ जातीच्या शेवटच्या मागण्या झायलॉगनें २०२४ च्या जूनमध्यें स्वीकारल्या; १९७६ पासून ४८ वर्षें चाललेला हा वंश तेथें थांबला.

अशा स्थितींत उरतो तो एकच मार्ग, शेजाऱ्याचा. एकाजवळ एकाच जातीच्या चार चिप्स असतात पण फ्लॉपी ड्राइव्ह नसतो. दुसऱ्याजवळ ड्राइव्ह तीन असतात पण चिप एकही नसते. कोणी मुंबईंत लॅमिंग्टन रोड धुंडाळतो, कोणी पुण्यांत पासोड्या विठोबाच्या आसपासचीं दुकानें पालथीं घालतो, आणि जें दोन नग सांपडेल त्यांतील एक दुसऱ्यासाठीं ठेवतो. परदेशांत कांहीं मंडळींनीं तर सुट्या भागांची पेटीच टपालानें घरोघर फिरविली: ज्याला जें हवें तें त्यानें काढून घ्यावें, आपल्याजवळचें अधिक असेल तें तींत घालावें आणि पेटी पुढें धाडावी. पैशाचा व्यवहार नाहीं, पावती नाहीं. शेजारणीकडून विरजण आणण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं विरजण दुसऱ्या घरींही मिळतें, आणि ही चिप कदाचित् अख्ख्या प्रांतांत दुसरी नसते.

आतां पहिला आक्षेप. निरुपयोगी म्हणजे काय? हिशेब करण्यास हीं यंत्रें निरुपयोगी आहेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु शिकण्यास? १९७५ सालीं अवघ्या पंचवीस डॉलरांस विकावयास निघालेली ६५०२ ही चिप सुमारें साडेतीन हजार ट्रांझिस्टरांची आहे. एवढ्या यंत्राचा कारभार एका जिज्ञासू मुलाला आरंभापासून अंतापर्यंत समजूं शकतो. कोणती कळ दाबल्यावर कोणत्या तारेवर काय जातें, हें तो मोजून पाहूं शकतो. हातांतल्या मोबाइलचें मागचें झांकण उघडण्याचीही ज्याला सोय नाहीं, त्या मुलाला आपण यंत्रयुगाचा नागरिक म्हणतों. वस्तुतः तो त्या युगाचा केवळ गिऱ्हाईक आहे. नागरिक व्हावयाचें असेल, तर ज्याचा तळ दिसतो असें एक तरी यंत्र त्याच्या हातीं आलें पाहिजे.

आणि उपयोग कधीं उत्पन्न होईल हें आज सांगणारे आपण कोण? दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सेनेचे गुप्त संदेश उलगडण्यासाठीं इंग्लंडांत कोलॉसस नांवाचीं यंत्रें बांधलीं गेलीं. युद्ध संपतांच त्यांतील बहुतेक मोडून टाकण्यांत आलीं. आराखडेही नष्ट करण्याचे हुकूम सुटले. पुढें १९९३ सालीं टोनी सेल या गृहस्थांनीं तें यंत्र पुन्हां उभारण्याचें मनावर घेतलें, तेव्हां हाताशीं होतीं थोडींशीं छायाचित्रें, आणि कांहीं अभियंत्यांनीं हुकूम मोडून घरीं जपून ठेवलेले आराखड्यांचे तुकडे! सुटे भाग मिळाले ते जुनीं टेलिफोन एक्स्चेंजें त्याच सुमारास मोडीत निघत होतीं म्हणून. १९९६ सालीं यंत्राचा पहिला भाग चालूं लागला, आणि २००७ सालीं काम पुरें झालें. एका राष्ट्राच्या अभिमानाचें यंत्र पुन्हां उभें राहिलें तें दुसऱ्या कोणाच्या तरी अडगळीवर. 'हें ठेवून काय करावयाचें आहे?' असें विचारणाऱ्यांनीं या उत्तराचा विचार करावा.

दुसरा आक्षेप एम्युलेटरचा. एम्युलेटरची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नक्कल बरोबर आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें कशावरून? अस्सलावरूनच. ६५०२ चें अंतरंग हौशी संशोधकांनीं २०१० च्या सुमारास उलगडलें, तें खऱ्या चिपचें कवच काढून, सूक्ष्मदर्शकाखालीं तिचीं छायाचित्रें घेऊन. मूळ जिन्नसच नाहींसा झाला, तर नकलेंतील चूक हेंच उद्यांचें सत्य होऊन बसेल. शिवाय नक्कल करणारा प्रोग्राम कितीही हुशार असला, तरी फ्लॉपीवरील चुंबकीय ठसे वाचण्यास त्याला डोळा नाहीं. तो डोळा म्हणजे जुना ड्राइव्ह. इंग्लंडच्या विल्यम राजानें १०८६ सालीं करविलेल्या जमीनपाहणीचें बाड आजही डोळ्यांनीं वाचतां येतें. त्याच्या नऊशें वर्षांच्या स्मरणार्थ बीबीसीनें १९८६ सालीं दहा लाखांवर लोकांकडून माहिती मिळवून नवें बाड केलें, आणि तें लेसरच्या तबकड्यांवर घातलें. वीस वर्षेंही होत नाहींत तोंच तें वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि २००२ च्या सुमारास विद्यापीठांतील संशोधकांना त्याच्या उद्धारासाठीं कंबर कसावी लागली. त्यांनींही अखेर एम्युलेटरच लिहिला. परंतु त्यांत घालावयाचा मजकूर तबकड्यांवरून उतरवून घेण्यास चालतें मूळ यंत्रच लागलें.

इंग्लंडचें उदाहरण दूरचें वाटत असेल, तर आमच्याच घरचें सांगतों. आमच्या एका दिवंगत स्नेह्यांनीं १९९१ सालीं आपल्या निबंधांचा संग्रह छपाईसाठीं जुळवून घेतला होता. पुस्तक निघालें नाहीं. हस्तलिखित छापखान्यांतच गहाळ झालें. उरल्या त्या सव्वापांच इंची पांच फ्लॉपी. दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या कन्येनें त्या आमच्या हातीं दिल्या. बाजारांत त्या वाचणारा ड्राइव्ह नाहीं. ड्राइव्ह मिळाला तरी मजकूर त्या काळच्या मराठी अक्षरजुळणीच्या प्रणालींत बांधलेला. आणि ती प्रणाली चालावयाची तर संगणकाच्या प्रिंटरच्या जागीं तिचें कुलूप, म्हणजे डोंगल, लावलेलें पाहिजे. पुण्यांतील एका अनोळखी हौशी गृहस्थांनीं आपला ड्राइव्ह दिला. कोल्हापुरांतील एका बंद पडलेल्या छापखान्याच्या खणांतून दुसऱ्या एकानें डोंगल शोधून पाठविलें. दोघांनींही टपालखर्चापलीकडे छदाम घेतला नाहीं. तीन फ्लॉपींवरील चौदा निबंध आज युनिकोडांत वाचतां येतात. उरलेल्या दोहोंवर पावसाळ्यांची बुरशी चढलेली होती. त्यांवरील नऊ निबंध गेले ते गेले. ते कशाविषयीं होते, हेंही आतां कोणास ठाऊक नाहीं. १९८५ ते २००० या काळांतील मराठी पुस्तकांचे, नियतकालिकांचे आणि पत्रव्यवहाराचे असे किती डबे आज माळ्यांवर आहेत? त्यांच्या किल्ल्या आम्ही किलोच्या भावानें विकीत आहों.

तिसरा आक्षेप कर्तव्याचा, आणि म्हणून सर्वांत आदरणीय. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यांतील अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणास गेला, अशी नोंद आहे. उरलेल्यांतील पुष्कळसा माल कोठें जातो हें ज्यांना पाहावयाचें असेल, त्यांनीं दिल्लीच्या सीलमपूर भागांत जावें. उघड्यावर तारा जाळून तांबें आणि आम्लांत बोर्ड बुडवून सोनें काढण्याचे धंदे ज्या गरिबांच्या फुप्फुसांवर चालतात, त्यांना आमच्या घरच्या स्वच्छतेची किंमत मोजावी लागते. तेव्हां कचरा योग्य स्थळीं जावा हें आम्हांस शतशः मान्य आहे. परंतु जो भाग चालतो, ज्याला मागणारा माणूस आहे, तो कचरा कसा? पुनर्चक्रणानें तांबें परत मिळतें. सिड चिप परत मिळत नाहीं. आधीं वापर, मग दुरुस्ती, मग सुटे भाग, आणि शेवटीं भट्टी, हा क्रम आहे. आपण पहिल्या तीन पायऱ्या गाळून चौथीवर उडी घेतों आणि तिला पर्यावरणाची सेवा म्हणतों!

येथवर प्रतिपक्षाशीं भांडलों. आतां स्वपक्षास दोन कडू शब्द सांगितल्यावांचून ही कैफियत प्रामाणिक होणार नाहीं. या हौसेंत आतां सावकार शिरले आहेत. दुर्मिळ चिप हातीं आली, कीं ती दाबून ठेवावयाची आणि गरजू मनुष्य आला, कीं त्याला अडवावयाचें. कीबोर्डच्या कळा चांगल्या विकल्या जातात म्हणून चालतें यंत्र मोडावयाचें. न तपासलेला माल 'चालू असावा' असें म्हणून खपवावयाचा. हे प्रकार करणारे स्वतःस संग्राहक म्हणवितात. आम्ही त्यांना साठेबाज म्हणतों. भंगारवाला तरी अज्ञानानें मोडतो. हे जाणूनबुजून मोडतात. दोन मेलेल्या यंत्रांतून एक जिवंत करणें हा धर्म आहे. एका जिवंतांतून चार नग विकणें ही कसायाची विद्या आहे. दुसरे आहेत ते कृपण: यांच्या कपाटांत एकाच जातीचीं सहा यंत्रें वीस वर्षें बंद आहेत, आणि आंतल्या बॅटऱ्या गळून तीं सहाही एकदमच मरणार आहेत. द्यावयाचें नसेल तर निदान बॅटरी तरी काढून ठेवा!

संस्थांनाही आमची एक मागणी आहे. शाळा, महाविद्यालयें आणि कचेऱ्या यांच्या डेडस्टॉक रजिस्टरांत जुनी यंत्रसामग्री वर्षानुवर्षें पडून राहते, आणि मग एके दिवशीं निर्लेखन होऊन सर्व एकगठ्ठा लिलावांत वजनावर जाते. त्या लिलावापूर्वीं आठ दिवस खोलीचें दार उघडें ठेवावें. आपल्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना, गांवांतील दुरुस्ती करणाऱ्यांना, हौशी मंडळींना बोलवावें. आणि ते नोंद करून जें मागतील तें त्यांना द्यावें. सरकारच्या तिजोरीला पडणारा खड्डा कांहीं किलो पत्र्याच्या किंमतीचा असेल.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला, तेव्हां महाराष्ट्राला नवीन डोळे फुटले. ज्या दप्तरांवर तो इतिहास उभा राहिला, तीं पेशव्यांच्या वाड्यांतच नव्हतीं. सामान्य घराण्यांच्या माळ्यांवर, वाळवीच्या तोंडीं तीं पडलेलीं होतीं. राजवाडे दारोदार हिंडले म्हणून उरलेलीं हातीं लागलीं. त्यांच्या आधीं जीं रद्दींत गेलीं, त्यांची यादी कोणाजवळ नाहीं. त्या रद्दी विकणाऱ्या पूर्वजांना आज आपण नांवें ठेवतों. ते अडाणी नव्हते. तेही आपल्यासारखेच सुशिक्षित, व्यवहारी आणि दिवाळीच्या आधीं घर झाडणारे गृहस्थ होते.

वाचकांनीं यंदा माळा अवश्य झाडावा. मात्र फ्लॉपीचा डबा भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्यापूर्वीं त्यावरील चिठ्ठी एकदां वाचावी. अक्षर ओळखीचें निघण्याचा संभव आहे.