फोटोत आवाज दिसत नाही

मागच्या महिन्यात माझी धाकटी बहीण मोबाइल हातात घेऊनच घरात शिरली. "आपा, हे बघा. गाडी माझ्या नावावर, फिरवतो पोरगा आणि चलान मला!" ई-चलानवर कारण होतं, सायलेन्सरमध्ये बदल. मागून भाचा म्हणाला, "खाला, सायलेन्सर कंपनीचाच आहे. पण अम्मी म्हणते, भरून टाक आणि मोकळा हो."

पोलीस, कोर्ट म्हटलं की आपण घाबरतो आणि पैसे भरतो. पण पैसे भरले की प्रकरण तिथेच मिटतं, मग बाजू मांडायला जागा उरत नाही. मी म्हटलं, आधी खरं काय ते बघू.

बीडमध्ये बार्शी नाक्याजवळच्या मेकॅनिकने गाडी तपासली. सायलेन्सर कंपनीचाच होता, पण खालून गंजून भोक पडलं होतं. भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे चूक माझीच?"

अर्धी. मोटार वाहन कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर कलम १८२-अ (४) लागतं. त्यात प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचं प्रमाण मोडलं तर कलम १९० (२). त्यात १० हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. १७५ सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. आवाज यंत्राने मोजावा लागतो, फोटोत तो दिसत नाही. चलानवर कोणतं कलम आहे आणि पुरावा काय जोडला आहे, हे म्हणूनच आधी वाचायचं.

आम्ही दुरुस्तीच्या आधीच गाडीच्या नंबरसह सायलेन्सरचे, त्यावरच्या कंपनीच्या छापाचे आणि भोकाचे फोटो काढले. मग सायलेन्सर दुरुस्त करून तारीख आणि गाडी नंबर असलेली पावती घेतली. आरसी बुकाची प्रत जोडून महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवली. त्यात सरळ लिहिलं, बदल केलेला नाही. भोक पडलं होतं, ते दुरुस्त केलं आहे.

तक्रार फेटाळली गेली तरी वाट बंद होत नाही. कोर्टाच्या तारखेला हजर राहून गुन्हा कबूल नाही असं सांगता येतं. लोकअदालतीत मात्र तडजोड होते. चूक नसेल तर तिथे नुसती रक्कम कमी झाली म्हणून मान डोलावू नका. गाडी आईच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पण ज्यांनी हौसेने फटाके फोडणारा सायलेन्सर बसवला आहे, त्यांनी हा लेख वाचून भांडायला जाऊ नये. दंड भरावा आणि जुना सायलेन्सर परत लावावा. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतो. ते गाडीलाही लागू आहे.

आमच्या तक्रारीचं उत्तर अजून यायचं आहे. भाच्याला मात्र मी एक काम आधीच सांगितलं होतं. शेजारच्या दादीअम्मांना रक्तदाबाचा त्रास आहे, रात्री गाडी आली की त्या दचकून उठायच्या. तो गेला आणि माफी मागून आला.

दादीअम्मा म्हणाल्या, "बेटा, मला वाटलं तू मुद्दाम करतोस."